घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला सरकारी सेवा किती पुरते? विदर्भातल्या खेड्यापुरतं एक परीक्षण

गेल्या काही वर्षांत ज्येष्ठांसाठी सरकारने बरंच नवं आणलं. २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली, २०१८ मध्ये आयुष्मान भारत. २०२४ च्या सुरुवातीला राज्याची मुख्यमंत्री वयोश्री आली आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. इथे या सगळ्याला एकच कसोटी लावली आहे. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या एखाद्या गावात लकवा मारून पडलेल्या, उठून मोरीपर्यंतही जाता न येणाऱ्या माणसाच्या बाजेपर्यंत यातलं काय पोचतं?

कार्ड पोचतं. पैसे उशिरा का होईना पोचतात. साधनं पोचतात, पण मापाची असतीलच असं नाही. रोज लागणारी दोन हातांची मदत मात्र पोचत नाही. ती घरची सून, मुलगी किंवा स्वतः सत्तरीतली बायकोच करते. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी सगळे वावरात गेले की पडून असलेलं माणूस दुपारपर्यंत एकटं असतं. या पोकळीच्या सगळ्यात जवळ येणारी सरकारी सेवा म्हणजे उपकेंद्राची घरभेट, आणि गावात सगळ्यात कमी माहिती तिचीच आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल.

आपण ज्याला उपकेंद्र म्हणतो त्याच्या पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं असतं. तिथे आरोग्य सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, असे दोघे बसतात. आयुष्मान भारतमध्ये या केंद्रांना १२ प्रकारच्या सेवा नेमून दिल्या आहेत. त्यात वृद्धांची काळजी आणि दुखणं हलकं करणारी पॅलिएटिव्ह सेवा या दोन्ही आहेत. त्याआधी २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यातही घरी पडून असलेल्यांना घरी जाऊन बघणं अपेक्षित धरलेलं आहे. म्हणजे सीएचओला घरी बोलावणं हे उपकार मागणं नव्हे, ती नेमून दिलेली सेवा आहे.

तिची सुरुवात एका कागदावर होते. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे तब्येतीची विचारपूस करणारा कागद, भरते. त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे चार प्रश्न आहेत: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचाल अडवणारं अपंगत्व आहे का, जेवण, कपडे, आंघोळ, संडास यासाठी दुसऱ्याची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरायला होतं का. गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. फॉर्म दारात उभ्याउभ्या भरला जातो. आतल्या खोलीतल्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं की घरचे म्हणतात, "आहे ना बाई, वय झालं आता." चारही रकान्यांत 'नाही' पडतं आणि अंथरुणावरच्या माणसांच्या यादीत नाव येत नाही. नाव नाही तर भेट नाही. म्हणून आशाताईला आत बोलवावं, माणूस दाखवावा, चारही उत्तरं नीट लिहून घ्यावी आणि सीएचओची घरभेट कधी हे तिथेच विचारावं.

सीएचओ आले की काय करून घ्यायचं? रक्तदाब आणि साखर ते बघतातच. तेवढ्यावर सोडू नये. उभं राहता येत असेल तर रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभं करून, असा दोनदा मोजायला सांगावं. वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर रात्री उठताना पडण्याचं कारण तिथेच सापडतं. पाठ, कंबर, टाचा उघड्या करून दाखवाव्या. तोंड उघडून जीभ दाखवावी, पांढरा थर असेल तर जेवण का जात नाही ते कळतं. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून समोर ठेवाव्या. ही पिशवी फार महत्त्वाची आहे. सरकारी दवाखान्यातली गोळी आणि तालुक्याच्या खासगी डॉक्टरची गोळी, नावं वेगळी पण औषध एकच, असं वारंवार निघतं. साखरेची गोळी चालू आणि जेवण अर्धी पोळी, हा दुसरा धोका. साखर एकदम उतरते, माणूस घामाघूम होऊन गळून जातो, आणि घरचे म्हणतात म्हातारपणामुळे झालं.

डॉक्टरचा सल्ला लागला तर सीएचओ ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून वरच्या डॉक्टरशी जोडून देऊ शकतात. रुग्णाला रिक्षात घालून तालुक्याला न्यायच्या आधी हे मागून बघावं. फिजिओथेरपीसाठी ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी, पण तिथे माणूस नेमलेला आहे का हे आधी फोनवर विचारलेलं बरं.

या सेवेला माझ्याकडून चांगले गुण आहेत, पण पूर्ण नाहीत. सपाट भागात एका उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या धरलेली आहे, मेळघाट-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात ३,०००. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढची माणसं दहा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे एका सीएचओच्या वाट्याला पाचशेच्या घरात वृद्ध येतात, आणि लसीकरण, बाळंतिणी, क्षयरोग, ऑनलाइन नोंदी हे सगळं शिवाय आहेच. भेट होते ती जमेल तशी. पुढची कधी, हे घरच्यांना सांगता येत नाही.

इथे विदर्भाने एक गोष्ट आग्रहाने मागायला हवी. नवजात बाळाला घरी जाऊन बघायचं हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने करून दाखवलं. गावातल्याच शिकवलेल्या बाईने घरभेटी दिल्या आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २०११ पासून आशांसाठी तो देशभरचा कार्यक्रम झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर भेटी सहा, दिवस ठरलेले: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. आशाला त्याचे २५० रुपये वेगळे. दिवस ठरलेला, काम ठरलेलं, मोबदला ठरलेला, म्हणून ती भेट होते. दवाखान्यातून सुट्टी झालेल्या लकव्याच्या रुग्णाला असंच वेळापत्रक लावा. पहिल्या महिन्यातच बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होतात, लघवीच्या नळीला जंतुसंसर्ग होतो, औषधं सुटतात. पद्धत आपल्याच मातीत तयार झालेली आहे, ती म्हाताऱ्यांपर्यंत न्यायला कोणती अडचण आहे?

तोवर घरच्यांनाच हे काम करावं लागणार, म्हणून बेडसोरबद्दल जरा सविस्तर. पहिली खूण म्हणजे माकडहाड, खुबा किंवा टाच यांच्यावरचा लाल डाग. बोटाने दाबून सोडल्यावर तो पांढरट होत नसेल तर जखम आतून सुरू झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताने बघावं, आजूबाजूपेक्षा जागा गरम, टणक किंवा पिठासारखी मऊ लागते का. तो डाग चोळू नये, चोळल्याने आतलं मांस आणखी फाटतं. बसायला रबरी रिंग देऊ नये, तिच्या कडेवर दाब येऊन रक्त अडतं. दर दोन तासांनी कूस बदलावी. पूर्ण एका अंगावर करायचं नाही, पाठीमागे उशी लावून थोडंसं कलतं ठेवायचं, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी द्यावी, टाचा गादीपासून अधांतरी राहतील अशी.

बाजेबद्दल स्पष्टच सांगायला हवं. सुंभाची किंवा पट्टीची बाज मधे झोळ पडते, सगळा भार कंबरेवर येतो आणि एकट्या बाईला माणूस वळवता येत नाही. लाकडी दिवाण किंवा फळी हवी. त्यावर पंपाची हवेची गादी घातली तर उत्तम, पण ती नीट भरली आहे का ते बघावं. गादीच्या खालून, बरोबर कंबरेच्या जागी, तळहात सरकवायचा. वरचं हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. मधे निदान इंचभर हवा जाणवली पाहिजे. वर एकच पातळ चादर. मायेपोटी घरचे त्यावर जाड गोधडी घालतात आणि गादीचा सगळा उपयोग जातो. लाइट गेली की पंप बंद, आणि बऱ्याच गाद्या हळूहळू बसतात. नळीची टोकं बंद करायची सोय आहे का हे विकत घेतानाच दुकानदाराला विचारावं. भारनियमनाच्या वेळेत गादी असली तरी कूस दोन तासांनी बदलायचीच.

लघवीची नळी असेल तर ती घातल्याची तारीख सुट्टीच्या कागदावर ठळक लिहून घ्यावी. ती कोणी लिहीत नाही आणि नळी महिनोन्महिने तशीच राहते. साध्या लॅटेक्सच्या नळीला साधारण चार आठवडे ही मर्यादा धरतात, सिलिकॉनची जास्त टिकते. कोणती घातली ते विचारा. पिशवी कायम कंबरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. माणूस हलवताना पिशवी अंथरुणावर ठेवली की लघवी उलटी वर जाते आणि जंतुसंसर्ग होऊन ताप येऊ शकतो. नाकातल्या नळीने जेवण देत असाल तर डोकं आणि पाठ उंच करून द्यावं आणि नंतर निदान अर्धा तास तसंच ठेवावं.

साधनांकडे वळू. मुख्यमंत्री वयोश्रीत ६५ पूर्ण झालेल्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात येतात. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, कंबरेचा पट्टा, मानेचा पट्टा वगैरे आहे. अर्ज समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो. पैसे आले की लोक विसरतात ती अट अशी: ३० दिवसांत खरेदीचं पक्कं बिल द्यायचं, नाहीतर वसुली होऊ शकते. कच्च्या चिठ्ठीवर घेऊ नका. यादीबाहेरचं काही घ्यायचं असेल तर आधी कार्यालयात विचारा. ३,००० रुपयांत श्रवणयंत्र आणि वॉकर दोन्ही बसत नाहीत. अंथरुणाला लागलेल्यासाठी एकच वस्तू निवडायची झाली तर कमोड खुर्ची घ्यावी, हे माझं ठाम मत. खालचं भांडं काढलं की तीच खुर्ची साध्या देशी भांड्यावर ठेवता येते. फक्त आधी संडासाची मोजमापं घ्या. गावातले बरेच संडास अरुंद आहेत, दार आत उघडतं, आणि खुर्ची ठेवली की दार लागत नाही. दाराची बिजागरी फिरवून ते बाहेर उघडेल असं करून घेणं हे एका मिस्त्रीचं थोडक्यातलं काम आहे.

राष्ट्रीय वयोश्रीत साधनं शिबिरातून फुकट मिळतात, ती कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची. वस्तू मजबूत आहेत. अडचण मापाची. काठीची उंची अशी बघतात: पायात रोजची चप्पल घालून, हात सैल सोडून उभं राहायचं, काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. शिबिरात हे सांगायला कोणी थांबत नाही आणि अर्धे लोक उलटीच धरतात. खालचं रबर झिजलं की नवं बसवा, ओल्या फरशीवर झिजलेलं रबर म्हणजे खुब्याचं हाड मोडायला निमंत्रण. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात, पावसाळ्यात काळ्या मातीच्या गल्लीत ती रुततात. ती घरात आणि ओट्यावर वापरायची वस्तू आहे. पहिलं वर्ष देखभाल एलिम्कोकडून मोफत आहे, म्हणून शिबिराची पावती जपून ठेवा.

वय वंदना कार्ड चांगलं आहे, त्याला नावं ठेवायला जागा कमी. ७० पूर्ण, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर रक्कम दोघांत मिळून. वय आधारवरून धरतात, त्यामुळे आधारवर जन्मसाल चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. पण हे कार्ड भरती झाल्यावरच चालतं. घरचं डायपर, नर्सची भेट, फिजिओ, बाह्यरुग्ण विभागातली औषधं यात येत नाहीत. एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते: सुट्टीनंतरच्या १५ दिवसांचा खर्च, औषधांसकट, पॅकेजमध्ये धरलेला असतो. सुट्टी घेताना ती औषधं मागून घ्या, आणि कूस बदलणं, नळी सांभाळणं नर्सकडून स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या.

पेन्शनच्या बाबतीत सरकारने धोरण बदलायलाच हवं. श्रावणबाळ योजनेत दिव्यांग नसलेल्यांना २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये आहेत, वय ६५, अर्ज तहसीलला. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. त्याच सरकारची वयोश्री २ लाखांपर्यंत चालते. एकाच म्हाताऱ्याला एका खिडकीवर गरीब आणि दुसऱ्या खिडकीवर सधन ठरवणारी ही तफावत अन्यायाची आहे. हयातीच्या दाखल्यासाठी आणि पैसे काढण्यासाठी पडून असलेल्या माणसाला गाडीत घालून नेणं तर अजिबात चालू देऊ नये. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सत्तरीपुढच्यांसाठी घरपोच सेवा द्यायला सांगितलं आहे. शाखेत अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमनही घरी येऊन आधारवर पैसे देतो. आयुष्यभर निंदण-वेचणी केलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. तसं झालं तर डोळ्यांनी किंवा चेहऱ्याने ओळख पटवायची सोय मागा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ पुढच्या मतदारांचं मत घ्यायला पथक घरी गेलं होतं. मतासाठी जे जमलं ते पेन्शनच्या दाखल्यासाठीही जमलं पाहिजे.

पगारी माणूस ठेवायचा झाला तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या एजन्सीकडून केअरटेकर मिळतात. घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याची तरतूद २०१९ च्या ज्येष्ठ नागरिक दुरुस्ती विधेयकात होती. ते लोकसभेत मांडलं गेलं, मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा गळून पडलं. म्हणजे तपासणारं कोणी नाही, तपास आपणच करायचा. आधारची प्रत घ्या. १२ तास की २४ तास, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, नळी आणि इन्सुलिन येतं का, हे कागदावर लिहून घ्या. पहिल्या दिवशी समोर उभं राहून कूस बदलून दाखवायला सांगा. ज्याला ते जमत नाही त्याला ठेवू नका.

मूल सांभाळत नसेल तर २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, वकील लागत नाही, निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला १०,००० आहे. अर्ज कसा करायचा हे १४५६७ या एल्डरलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ फुकट सांगतात. बोलायला माणूस हवा असेल तरी हा नंबर चालतो.

एप्रिल ते जूनमध्ये घरभेट दुपटीने व्हायला हवी, आणि आपल्याकडच्या सेवेत हीच सगळ्यात मोठी उणीव आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खोलीत पडलेल्या माणसाला तहान लागली तरी तो सांगत नाही, आणि संडासाला न्यावं लागेल या संकोचाने मुद्दाम पाणी कमी पितो. लघवी गडद पिवळी, जीभ कोरडी, दुपारनंतर बडबड किंवा गुंगी, ही लक्षणं दिसली की ओली फडकी लावावी. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच घोट-घोट ओआरएस द्यावं, आणि १०८ ला फोन लावावा. रक्तदाबासाठी पाणी काढायची गोळी चालू असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच तिचा डोस डॉक्टरांना विचारून घ्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका. कूलर खोलीत असेल तर समोरची खिडकी उघडी हवी, बंद खोलीत नुसता ओलावा वाढतो आणि घाम सुकत नाही.

शेवटी ग्रामपंचायत. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. लकव्याने कायमचं अपंगत्व आलेल्या वृद्धाचं ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र काढलं की त्याचं नाव त्या यादीत घालता येतं. ग्रामसभेत अर्ज लेखी द्यावा आणि त्यात वस्तूचं नाव लिहावं, उदाहरणार्थ हवेची गादी. नुसतं 'मदत' लिहिलं तर ग्रामसेवकाला त्याचं काय करायचं ते कळत नाही. दोन-तीन घरांची गरज एकत्र मांडली तर पंचायतीने एक गादी, एक कमोड खुर्ची आणि एक व्हीलचेअर घेऊन उपकेंद्रात ठेवावी, लागेल त्या घरी द्यावी आणि परत घ्यावी, असा ठराव करून घेता येतो. त्या ठरावाची प्रत सीएचओकडे द्या, म्हणजे पुढच्या घरभेटीला वस्तू सोबत येईल.